जाणण्यासाठी की घडवण्यासाठी

आमच्या काकांची सारी नोकरी जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत गेली. गावोगावच्या विहिरींचं आणि नळांचं पाणी, ब्लीचिंग पावडरीचे नमुने, सगळं त्यांच्या टेबलावर यायचं. माझी थोरली बहीण एका औषध कंपनीत प्रक्रिया-संशोधन करते. प्रयोगशाळेत काही ग्रॅमवर जमलेली अभिक्रिया शेकडो किलोंच्या रिॲक्टरमध्ये सुखरूप कशी न्यायची, हे तिचं काम. दोघंही रसायनशास्त्राचीच माणसं. दोघांच्याही तोंडी दिवसभर अभिकर्मक, बोलीत रीएजंट, पण त्याबद्दलचं दोघांचं मत मात्र जुळत नाही. हा वाद मी वेगवेगळ्या वेळी, तुकड्यातुकड्यांनी ऐकला आहे. इथे तो सलग मांडला आहे आणि मला राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

काका: अभिकर्मक म्हणजे पदार्थाला विचारलेला प्रश्न. समोर पाण्याचा नमुना आहे. दिसायला स्वच्छ, वास नाही, गाळ नाही. आत काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. मग मी त्यात असा पदार्थ घालतो, ज्याचं वागणं मला आधीपासून पक्कं ठाऊक आहे. क्लोराइड आहे का? सिल्व्हर नायट्रेट घाल. दह्यासारखा पांढरा साका पडला तर आहे. निकेल आहे का? अमोनिया घालून डायमिथिलग्लायॉक्झाइम घाल, लालभडक साका येतो. चुगाएव नावाच्या रशियन रसायनशास्त्रज्ञाने 1905 मध्ये दाखवलेली ही युक्ती आजही चालते. आणि काहीच घडलं नाही, तर तेही उत्तरच असतं.

ताई: काका, या व्याख्येत माझं सगळं काम बाहेर राहतं. मी रिॲक्टरमध्ये सोडियम बोरोहायड्राइड घालते तेव्हा मला काहीही विचारायचं नसतं. आत कोणता कीटोन आहे, किती आहे, किती शुद्ध आहे, हे मला कालच कळलेलं असतं. मला त्याचं अल्कोहोल करायचं असतं. तुमचा अभिकर्मक ओळख पटवतो, माझा बदल घडवतो.

काका: मग तुझ्याकडे कच्चा माल आणि अभिकर्मक यांत फरक काय राहिला? दोन्ही पिंपांतूनच येतात.

ताई: फरक आहे. ज्या रेणूचा सांगाडा शेवटच्या औषधात राहणार, तो आमचा मूळ पदार्थ. त्याच्यात बदल घडवण्यासाठी जो घालायचा आणि त्या कामात जो खर्ची पडतो, तो अभिकर्मक. उत्प्रेरक खर्ची पडत नाही, म्हणून तो वेगळा. द्रावक नुसती भेटायला जागा देतो, म्हणून तोही वेगळा. तिघांचा हिशोब निराळा लागतो. अभिकर्मक मोलांनी मोजून घालायचा. कमी पडला तर मूळ पदार्थ शिल्लक राहतो. जास्त झाला तर नको त्या ठिकाणी हात घालतो, आणि उरलेला काढून टाकायचं काम आमच्याच अंगावर येतं.

काका: मोजून तर मीही घालतो.

ताई: पण तुमचा नमुना शेवटी मोरीत जातो. माझा रुग्णाच्या पोटात जातो.

हे ऐकून काका गप्प बसतील असं वाटलं होतं. ते बसले नाहीत. त्यांनी हळद काढली.

काका: पाण्यातलं बोरॉन मोजायची एक जुनी, मान्य पद्धत कर्क्युमिनची आहे. नमुन्यात आम्ल आणि कर्क्युमिनचं द्रावण घालायचं आणि बशीत ते कोरडं होईपर्यंत आटवायचं. बोरॉन असेल तर तळाशी लाल रंग उरतो. त्या लाल संयुगाला रोझोसायनिन म्हणतात. ते अल्कोहोलात उतरवायचं आणि रंगमापीवर वाचायचं. कर्क्युमिन म्हणजे हळदीचा पिवळेपणा. आता सांग, हळदीला तू काय म्हणशील? मूळ पदार्थ की अभिकर्मक?

ताई: तुम्हीच सांगा, जुन्या पद्धतीचं कुंकू कसं करायचे? हळकुंडं, टाकणखार आणि लिंबाचा रस. टाकणखारात बोरॉन असतं आणि लिंबात आम्ल. तुमच्या बशीत जे त्रिकूट आहे, तेच. पण कुंकू करणाऱ्या बाईला बोरॉन शोधायचं नसतं. तिला लाल रंग हवा असतो. तिच्या लेखी हळद हा माल आणि टाकणखार हा अभिकर्मक. तुमच्या लेखी हळद अभिकर्मक, आणि टाकणखारातलं बोरॉन हे शोधायचं लक्ष्य.

माझ्या मते या वादाचा गाभा इथेच आहे. कपाटात "अभिकर्मक" अशी पाटी लावलेला कप्पा असतो, त्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं की हा पदार्थांचा एक प्रकार आहे, जसे क्षार किंवा धातू. तसं काही नसतं. तोच पदार्थ एका टेबलावर अभिकर्मक असतो आणि दुसऱ्या टेबलावर नमुना. तो कोणत्या कामाला लावला आहे, यावर त्याचं नाव ठरतं. शाळा-कॉलेजात सॉल्ट ॲनालिसिस करताना मुलं "अमुक घातलं की तमुक रंग" असे तक्ते पाठ करतात, पण आपण नेमकं काय विचारतो आहोत हे त्यांना कुणी सांगत नाही. तपकिरी कडं आलं की नायट्रेट, एवढंच डोक्यात राहतं. मला हा शिक्षणाचा मोठा तोटा वाटतो, कारण पुढे आयुष्यात जो कुणी रक्ताचा किंवा पाण्याचा अहवाल हातात घेतो, त्याला तो अहवाल कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे कळायला हवं.

पण कुंकवाच्या उदाहरणावर वाद मिटला नाही, उलट वाढला. अभिकर्मक ठरतो कामावरून, हे दोघांनाही पटलं. मग त्या कामाला लायक कोण, हा प्रश्न पुढे आला.

काका: लायकीची पहिली अट म्हणजे त्याच्यात काय काय आहे हे माहीत असणं. आर्सेनिकसाठीच्या मार्शच्या चाचणीची गोष्ट ऐक. इंग्लंडच्या जेम्स मार्शना 1832 च्या एका खुनाच्या खटल्यात साक्षीला बोलावलं होतं. त्यांनी हायड्रोजन सल्फाइडने आर्सेनिकचा पिवळा साका मिळवला होता, पण ज्यूरीपुढे जाईपर्यंत तो खराब झाला आणि आरोपी सुटला. मार्श चिडले आणि त्यांनी 1836 मध्ये नवी पद्धत छापली. संशयित पदार्थात जस्त आणि सल्फ्युरिक आम्ल घालायचं. आर्सेनिक असेल तर आर्सीन वायू निघतो. तो तापवलेल्या काचनळीतून नेला की नळीच्या आत काळसर, आरशासारखा थर बसतो. अतिशय सूक्ष्म प्रमाणातलं आर्सेनिकही पकडलं जायचं. आणि तिथेच घोळ झाला. बाजारात मिळणाऱ्या जस्तातच आर्सेनिक असायचं.

ताई: म्हणजे विष शोधायला जे घातलं, त्यातच विष.

काका: हो. आणि समोर माणूस फाशीच्या दाराशी उभा. म्हणून आधी नुसतं जस्त आणि नुसतं आम्ल घेऊन प्रयोग लावायचा. नळी स्वच्छ राहिली तर मग नमुना घालायचा. आम्ही त्याला ब्लँक म्हणतो. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी ब्लँक लावायला शिकवत असे. नमुना नंतर. 1888 मध्ये जर्मनीत मर्क कंपनीच्या कार्ल क्राउख यांनी अभिकर्मकांची शुद्धता कशी तपासायची यावर एक अख्खं पुस्तक काढलं. आज बाटलीवर "एआर" किंवा "एलआर" असा शुद्धतेचा दर्जा छापलेला असतो आणि खाली लोह कमाल इतकं, शिसं कमाल इतकं अशी यादी असते. ती यादी कुणी वाचत नाही. मी वाचायचो.

ताई: तुमच्या लोहाच्या यादीबद्दल मला आदर आहे, पण माझ्याकडे तेवढ्याने भागत नाही. बोरोहायड्राइड शुद्ध असेल, पण आर्द्रता लागून त्याची ताकद उतरली असेल तर? तेव्हा माझ्यासाठी दुसरी अट जास्त महत्त्वाची, ती ताकदीची.

इथे मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावात जिला टीसीएल म्हणतात, ती ताजी असताना तिच्यात साधारण 33 टक्क्यांपर्यंत उपलब्ध क्लोरीन असतं, आणि पोतं उघडं राहिलं, दमट झालं की ते उतरत जातं. काका पावडरीचा नमुना खलात पाण्याबरोबर घोटून लगदा करत, मापाच्या फ्लास्कमध्ये भरून हलवत, आणि गाळ खाली बसायच्या आत पिपेटने ठरावीक भाग काढून घेत. त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसेटिक आम्ल. क्लोरीन आयोडाइडला आयोडीन करतं, आणि फ्लास्क गडद तपकिरी होतो. मग ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट. तपकिरी फिका होत होत वाळक्या गवतासारखा पिवळा झाला की ते हात थांबवत आणि तेव्हाच स्टार्चचे थेंब घालत. फ्लास्क एकदम निळाशार. मग एकेक थेंब. एका थेंबाला निळा असतो, पुढच्या थेंबाला नसतो. स्टार्च आधीच का घालायचं नाही, असं मी विचारलं होतं. भरपूर आयोडीन असताना स्टार्च घातलं तर ते आयोडीनला धरून बसतं आणि शेवटचा थेंब कोणता हे कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. स्टार्च तोच, आयोडीन तेच, फरक फक्त वेळेचा. अभिकर्मक कधी घालायचा हेही त्याच्या गुणातच धरावं लागतं.

काका: आणि त्या थायोसल्फेटवर माझा विश्वास कशावरून? त्याचं द्रावण ठेवल्या ठेवल्या कमजोर होतं, जंतू लागतात त्याला. म्हणून त्याला जामीन हवा. पोटॅशियम डायक्रोमेट हा जामीन. तो अगदी शुद्ध मिळतो, हवेतलं पाणी ओढत नाही, त्याचं द्रावण महिनोन्‌महिने बदलत नाही. 4.903 ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवलं की बरोबर 0.1 नॉर्मल. त्याच्यासमोर थायोसल्फेटची ताकद ठरवायची, तारीख लिहायची, आणि मगच त्याने टीसीएलचा निकाल द्यायचा. गावात पावडर किती टाकायची हे त्या निकालावर ठरतं.

ताई: माझा जामीन वेगळा, पण गोष्ट तीच. ग्रिन्यार अभिकर्मक घ्या. व्हिक्टर ग्रिन्यार यांनी 1900 मध्ये तो मांडला आणि 1912 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मॅग्नेशियमचे कीस, कोरडं ईथर आणि अल्किल हॅलाइड. ऐकायला सोपं, पण पाण्याचा अंश राहिला तर तयार झालेला अभिकर्मक त्याच पाण्यावर खलास होतो. म्हणून काम सुरू करण्याआधी त्याचं टायट्रेशन आम्हीही करतो. आणि त्याची खरी भीती सुरुवातीलाच असते. मॅग्नेशियमवर ऑक्साइडचा थर असतो, त्यामुळे अभिक्रिया लगेच सुरू होत नाही. आम्ही आयोडीनचा छोटा खडा टाकतो आणि थोडंसंच हॅलाइड घालून वाट पाहतो. तपकिरी रंग विरतो, द्रावण गढूळ होतं, ईथर आपसूक उकळायला लागतं. ते दिसेपर्यंत पुढचा थेंब नाही. अधीर होऊन सगळं ओतलं आणि नंतर ती पेटली, तर सगळी उष्णता एकदम बाहेर येते. छोट्या फ्लास्कमध्ये निभावतं, मोठ्या रिॲक्टरमध्ये नाही.

काका: म्हणजे तुझं आयोडीनही सांगतंच की, सुरू झालं म्हणून.

ताई: त्या क्षणापुरतं, हो. मान्य.

इतकं मान्य करून ताई पुढे जे म्हणाली, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ताई: काका, तुम्ही शुद्धतेचं बोलता, ताकदीचं बोलता. पण अभिकर्मक काम झाल्यावर मागे काय ठेवतो, हे तुमच्या प्रयोगशाळेत कुणी विचारलं का? सांडपाण्याची सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, काढायची तर डायक्रोमेट, तीव्र सल्फ्युरिक आम्ल, सिल्व्हर सल्फेट, आणि क्लोराइडचा अडथळा नको म्हणून मर्क्युरिक सल्फेट. दोन तास उकळायचं. नदी किती घाण झाली हे मोजायचं, आणि प्रत्येक फ्लास्कमागे क्रोमियम, चांदी आणि पारा असलेलं आम्ल उरवायचं. अमोनियासाठी नेसलरचा अभिकर्मक, 1856 पासूनचा, त्यातही पारा. हे सगळं कुठे जात होतं?

काका (जरा थांबून): कॅनमध्ये साठवत होतो. कॅन कोपऱ्यात ठेवत होतो. पुढे ते कुठे जायचे, ते आमच्या हातात नव्हतं.

ताई: माझ्या शाखेचाही इतिहास स्वच्छ नाही, ते मी सांगते. विटिग अभिक्रियेला 1979 चं नोबेल मिळालं, आणि ती सुंदर आहेच. पण तिच्यात एक मिथिलीन गट, मोलमागे 14 ग्रॅम, चिकटवायला 278 ग्रॅम ट्रायफेनिलफॉस्फीन ऑक्साइड मागे उरतं. 1991 मध्ये बॅरी ट्रॉस्ट यांनी अणुबचतीचा विचार मांडला. तुम्ही घातलेल्या अणूंपैकी किती मालात गेले आणि किती कचऱ्यात, एवढाच साधा हिशोब. त्या हिशोबाने आयबुप्रोफेन पाहा. बूट्स कंपनीची मूळ पद्धत सहा पायऱ्यांची, अणुबचत 40 टक्क्यांच्या आसपास, आणि ॲल्युमिनियम क्लोराइड भरमसाट, जे शेवटी कचऱ्यात जायचं. नंतरची बीएचसी पद्धत तीन पायऱ्यांची, 77 टक्के. तिने अभिकर्मकांच्या जागी उत्प्रेरक आणले. गोळी तीच, कचरा किती कमी. माझ्या दृष्टीने उत्तम अभिकर्मक तो, ज्याची गरज आपण कमी करू शकतो.

काका: घडवणाऱ्याला हे शोभतं, जाणणाऱ्याला परवडत नाही. पाऱ्याला पर्याय नसताना मी सीओडी काढलीच नसती, तर कारखान्याने नाल्यात काय सोडलं ते कुणाला कळलंच नसतं. मी उरवलेला पारा काही लिटरांचा. न मोजलेल्या नाल्याचं नुकसान किती?

या जागी मला काकांचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. मोजणं थांबवता येत नाही हे खरं. पण मोजणाऱ्याने स्वतःचा कचरा मोजू नये, असं त्यातून निघत नाही. कॅन कोपऱ्यात ठेवून विषय संपत नाही, हे काकांनाही ठाऊक होतं. त्यांच्या थांबण्यातून ते कळलं.

मग ताईने यंत्रांचा विषय काढला. आज द्रव वर्णलेखनाचं यंत्र आणि वस्तुमान वर्णपटमापी एका नमुन्यातून डझनावारी धातू आणि रेणू मोजतात, तेव्हा रंग बदलणाऱ्या बाटल्यांचे दिवस गेले, असं तिचं म्हणणं. काकांनी याला दिलेलं उत्तर मला अनपेक्षित होतं. ते लघवीतल्या साखरेपासून सुरू झाले.

काका: पूर्वी दवाखान्यात बेनेडिक्टचा अभिकर्मक असायचा. निळ्या रंगाचा, 5 मिली घ्यायचा, लघवीचे आठ थेंब घालायचे आणि उकळायचं. निळा राहिला तर साखर नाही, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि खूप असेल तर विटकरी. दोष एकच. तो ग्लुकोज ओळखत नाही, तांब्याचं क्षपण करू शकणारी कोणतीही साखर ओळखतो. अंगावर पाजणाऱ्या आईच्या लघवीत दुधातली साखर उतरली, तरी तो हिरवा व्हायचा. त्याच्या जागी ग्लुकोज ऑक्सिडेज आलं. हे विकर ग्लुकोजलाच धरतं, दुधातल्या साखरेकडे बघतही नाही. आज तू ज्याला यंत्र म्हणतेस त्या ग्लुकोमीटरला पट्टी लागते ना? त्या पट्टीवर ग्लुकोजला धरणारं असंच विकर वाळवून ठेवलेलं असतं. यंत्र फक्त आकडा वाचतं. ओळखतो तो अभिकर्मक.

ताई: हे मात्र खरं. 2020 मध्ये कोविडच्या चाचण्या कशाने अडल्या? यंत्रं असूनही. जगभर आरएनए वेगळं काढायच्या किटचा आणि अभिकर्मकांचा तुटवडा होता. नेमक्या विषाणूच्या जनुकाला चिकटतील असे प्रायमर म्हणजे तुमच्या भाषेत प्रश्नच. आणि त्या चाचणीतलं विकर त्याच वेळी नवा डीएनए घडवतही असतं. तिथे जाणणं आणि घडवणं एकाच नळीत होतं.

काका: मग आता ओटीवर ये. त्यावर तुझं-माझं अजून पटलेलं नाही.

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. महाराष्ट्रातल्या गावागावांत हे नाव "ओटी टेस्ट" म्हणून ऐकू येतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाणी सोडल्यावर टोकाच्या नळावर जातो, नळीत पाणी घेतो, ओटीचे थेंब घालतो आणि पिवळा रंग येतो का ते पाहतो. आला की पाण्यात क्लोरीन उरलं आहे. भारतीय मानकाप्रमाणे मुक्त शेष क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. एवढ्या कमी पैशांत, इतक्या थोड्या वेळात, कुठल्याही पदवीशिवाय पाणी सुरक्षित आहे की नाही हे गावाला सांगणारं दुसरं साधन आमच्या पिढीने पाहिलं नाही, हे काकांचं ठाम मत.

ताई: काका, ऑर्थोटोलिडीन हे बेंझिडीनच्या कुळातलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत ते "शक्यता" असलेल्या, 2बी गटात आहे. अमेरिकेच्या स्टँडर्ड मेथड्स या ग्रंथातून ही पद्धत 1970 च्या दशकातच वगळली गेली. तुमच्या जलसुरक्षकाच्या बोटांवर ते रोज सांडतं, आणि नळी तिथेच नळाशेजारी ओतून दिली जाते. शिवाय ते फक्त क्लोरीनला पिवळं होत नाही. ऑक्सिडीकरण झालेलं लोह, मँगनीज, नायट्राइट, कशानेही होतं. आणि उशिरा वाचलं तर अमोनियाला बांधलेलं क्लोरीनही त्यात मिसळतं.

काका: म्हणून तर दहा सेकंदांत वाचायचं, हे शिकवतो आम्ही.

ताई: दहा सेकंदांत लोह पळून जातं का? डीपीडी घ्या. इंग्लंडच्या पॅलिन यांनी 1957 मध्ये दिलेली पद्धत. पहिल्या गोळीने मुक्त क्लोरीन, गुलाबी. बांधलेलं धरून एकूण क्लोरीन हवं तर तिसरी गोळी.

काका: डीपीडी मी वापरलेली आहे. महाग पडते आणि दमट झाली की पुडीतच लालसर होते. आणि तुला तिचा मोठा दोष सांगू? विहिरीत टीसीएल जास्त पडली की तिचा गुलाबी रंग क्लोरीनच उडवून टाकतं. नळी कोरी दिसते. जलसुरक्षकाला वाटतं क्लोरीनच नाही, आणि तो आणखी पावडर टाकतो. मँगनीज तर तिलाही फसवतं.

ताई: त्यावर उपाय आहे. तेच पाणी शुद्ध पाण्याने पातळ करून पुन्हा लावायचं, रंग येतो. तुमच्या ओटीच्या लोहावर जलसुरक्षकाकडे कोणता उपाय आहे?

काका: गॅस्ट्रोची साथ आली ना, की गावात दोन दिवसांत माणसं आडवी होतात. कर्करोगाची शक्यता आणि उद्याची साथ, या दोहोंत मी उद्याची साथ आधी पाहिली. त्याबद्दल मला खंत नाही.

ताई: खंत करा असं मी म्हणत नाही. एक विचारते. त्या गावातल्या विहिरीच्या पाण्यावर, टीसीएल टाकण्याच्या आधी, कधी ओटी लावून पाहिली होतीत का?

काका काही वेळ बोलले नाहीत. मार्शच्या जस्ताची गोष्ट त्यांनीच सांगितली होती. नव्या मुलांना पहिल्या दिवशी ब्लँक शिकवणारेही तेच.

काका: प्रयोगशाळेत प्रत्येक वेळी. गावात... नाही. नळीत नुसतं पाणी आणि ओटी, पावडरीच्या आधी. नाही लावली कुणी.

ताई: मग तिथून सुरू करा. ज्या गावात पावडर टाकण्याआधीच पिवळा येतो, तिथे तो पिवळा क्लोरीनचा नाही. त्या गावात ओटी त्याच दिवशी बंद आणि डीपीडी सुरू, महाग पडली तरी.

काका: आणि जिथे नाही आला?

ताई: तिथे डीपीडीचा पुरवठा येईपर्यंत. हातमोजे घालून, नळी बाटलीत रिकामी करून.

काका: येईपर्यंत म्हणजे किती? आमच्याकडे "पुरवठा येईपर्यंत" याला वर्षं लागतात.

ताई: म्हणूनच तारीख लिहून घ्या. तुम्ही थायोसल्फेटच्या बाटलीवर लिहायचात तशी, ओटीच्या बाटलीवर. या तारखेनंतर वापरू नये.

काका: लिहीन. पण पुरवठा त्या तारखेला आला नाही, तर मी त्या जलसुरक्षकाला ओटीच लावायला सांगणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.